संकीर्ण साळवंडीकर

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. त्यांचा व्यवसाय ऐकून नवखा माणूस हसे आणि जुना माणूस सावरून बसे. ते घराण्यांचे कुलवृत्तांत लिहीत. कोणाचा मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोण कोठे गेला, कोणाचा वंश वाढला आणि कोणाचा खुंटला, हे सारे ते गावोगाव हिंडून, जुन्या पोथ्यांची शेवटची पाने चाळून आणि म्हाताऱ्या माणसांपुढे तासन्‌तास मांडी घालून जमवीत. गाव त्यांना 'वंशावळवाले गुरुजी' म्हणे. स्वतः मात्र ते अविवाहित होते. आपली वंशावळ आपल्यापाशीच संपते याचे त्यांना काडीचेही दुःख नव्हते, आणि लोकांना हे फार चमत्कारिक वाटे.

त्यांच्या हाताखाली शिवराम नावाचा एक शिष्य होता. वय तिशीच्या आसपास, अक्षर मोत्यासारखे, आणि स्मरणशक्ती अशी की एकदा ऐकलेली पाच पिढ्यांची नावे तो उलट क्रमानेही म्हणून दाखवी. सहा वर्षे तो गुरुजींपाशी शिकत होता. या गुणी शिष्याला एकच दुखणे होते आणि ते त्याच्या नावाच्या शेवटी चिकटलेले होते. त्याचे आडनाव साळवंडीकर.

आता यात दुखण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. पण त्या काळी साळवंडीकर हे आडनाव चार दिशांना गाजत होते. संस्थानच्या दरबारात एक साळवंडीकर न्यायाधीश होते, त्यांच्या निकालांचे दाखले इतर संस्थाने मागवून घेत. एक साळवंडीकर गायिका होत्या, त्यांची मैफल असली की गावातले दिवे तिकडेच जात. एका साळवंडीकर पैलवानाने तीन जत्रांतली मानाची कुस्ती लागोपाठ मारली होती. आणि खाली कोकणपट्टीत एक साळवंडीकर गलबते बांधीत. त्यांचे गलबत पाण्यात उतरल्यावर दहा वर्षे डागडुजी मागत नाही, असा लौकिक होता. साहजिकच शिवराम कोठेही गेला आणि त्याने नाव सांगितले की समोरच्याचे डोळे चमकत आणि प्रश्न येई, "तुम्ही कोणत्या साळवंडीकरांपैकी?"

नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नसे आणि हो म्हणायला आधार नसे. तो नुसता हसे. विचारणारा आपल्या सोयीने समजून घेई आणि त्याच्यापुढे चहाऐवजी दूध येई. जगभरच्या लोकांच्या पिढ्या लिहिणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या वंशावळीत दोनच नावे होती, एक त्याचे आणि दुसरे वडिलांचे. त्याच्या वर काही नव्हते. वडील लहानपणीच साळवंडीहून आले, त्याआधीचे त्याला काही ठाऊक नव्हते, आणि जेवढे ठाऊक होते तेवढेही तो कोणाला सांगत नसे.

एके दिवशी गुरुजींच्या दारात एक व्यापारी येऊन उभे राहिले. तांब्यापितळेच्या भांड्यांचा त्यांचा मोठा व्यवहार होता, आणि त्यांचेही आडनाव साळवंडीकर होते. बसताबसताच त्यांनी आपल्या सात पिढ्या धडधड म्हणून दाखविल्या. मग म्हणाले, "गुरुजी, न्यायाधीश, गायिका, पैलवान, गलबतवाले, झालंच तर मी. एवढी मोठी माणसं एका नावात उगाच जन्मत नाहीत. आमचा मूळपुरुष कोणीतरी पोचलेला असणार. तुम्ही त्याला शोधून काढा. सगळ्या साळवंडीकरांचा एक वृक्ष काढा, त्याचं पुस्तक मी छापतो. आणि चैत्रात इथेच सगळ्यांचं संमेलन भरवतो."

"आणि ज्यांचा धागा सापडणार नाही, त्यांचं काय?" गुरुजींनी विचारले.

शेटजींनी याचाही विचार करून ठेवला होता. "चार पिढ्या दाखवता आल्या की माणूस वृक्षात. नाही आल्या तर पुस्तकाच्या शेवटी एक प्रकरण करू. संकीर्ण. म्हणजे त्यांनाही वाईट वाटायला नको."

कोपऱ्यात बसून लेखणीला टोक करणाऱ्या शिवरामचा चाकू थांबला. पुस्तक त्याच्या हाताने लिहिले जाणार होते. म्हणजे चार दिशांच्या थोर साळवंडीकरांना तो स्वहस्ते फांद्यांवर बसवणार, आणि शेवटच्या पानावर, कोणाचे कोण न कळलेल्या माणसांत, स्वतःचे नाव घालणार. मग ते पुस्तक घरोघर जाणार, आणि इतकी वर्षे नुसत्या हसण्यावर जे निभावले ते कायमचे उघडे पडणार.

गुरुजींनी काम स्वीकारले आणि शिवरामला माहिती जमवायला पाठविले. निघताना एवढेच म्हणाले, "जे सांगतील ते सगळं लिही. निरुपयोगी वाटेल ते आधी लिही."

तो प्रथम न्यायाधीशांकडे गेला. त्यांनी नऊ पिढ्यांचा कागद पेटीतून काढून समोर ठेवला, तोही लाल शाईने आखलेला. पण कागदावर नसलेली गोष्ट शिवरामने विचारली, की साळवंडीहून इकडे पहिले कोण आले? तेव्हा न्यायाधीश जरा घुटमळले. म्हणाले, "आमचे पूर्वज विद्यार्थी म्हणून आले. वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरं. हे पुस्तकात घालायला हवंच का?" शिवरामने ते समासात लिहून घेतले.

पैलवान तालमीतच भेटला. अंगाला माती तशीच, आणि समोर बदामांचा वाडगा. "आमचं धनगराचं घर," तो म्हणाला. "पणजा मेंढरावरनं भावाशी भांडला आन्‌ निगाला. हितं यिऊन लोहाराच्या दारात बसला. लोहारणीनं भाकरी दिली, लोहारानं भाता ओढाय दिला. बारा वर्सं भाता ओढला गड्यानं! दंड हे असं झालं." त्याने स्वतःचा दंड पुढे केला, जणू पणज्याचाच दाखवतो आहे. "त्या लोहाराचं नाव इठोबा. आमी अजून आखाड्यात उतरताना घेतो."

गायिकेच्या घरी शिवराम संकोचून बसला होता. त्या स्वतःच म्हणाल्या, "मास्तर, आमच्याकडे बापाची पिढी विचारू नका, आईची विचारा. त्या चार सांगते." आणि त्यांनी सांगितली. त्यांची पणजी साळवंडीची, नवरा गेला तेव्हा वीस वर्षांची. दिराने दार लावून घेतले तशी ती चालत निघाली आणि एका म्हाताऱ्या पखवाजियाच्या ओसरीवर येऊन पडली. "त्यांना मूलबाळ नव्हतं. रियाजाला कोणीतरी टाळ धरायला हवं होतं. पणजीनं टाळ धरला, मग सूर धरला. आमचं गाणं साळवंडीचं नाही हो. ते त्या ओसरीवरचं."

गलबतवाले साळवंडीकर खाडीच्या तोंडाशी भेटले. नाव इब्राहिम, वय सत्तरीचे, कानामागे पेन्सिल. त्यांच्याकडे दर्ग्याच्या वहीत सहा पिढ्या नीट उतरवलेल्या होत्या. पहिला पूर्वज घाट उतरून आला तेव्हा त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि भरतीचे पाणी चढताना पाहून तो झाडावर चढून बसला, हे सांगताना ते स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्याला झाडावरून उतरवून घरी नेले ते एका खलाशी खारव्याने. त्यानेच त्याच्या हाती लाकूड तासायचे हत्यार दिले. त्या खारव्याच्या घराण्याशी त्यांचा घरोबा आजही होता. लग्न कोणत्याही घरी निघाले की पहिले आमंत्रण दुसऱ्या घरी जाई.

शिवराम परतला तेव्हा त्याची वही भरली होती आणि डोके भणाणले होते. एक ब्राह्मण, एक धनगर, एक कलावंतीण, एक मुसलमान, आणि शेटजी कासार. यांच्या कुलदैवतांचा मेळ नाही, गोत्रांचा नाही, पूर्वजांनी गाव सोडल्याच्या काळाचा नाही. मूळपुरुष एक काढायचा तर तो काढायचा कोठून?

त्याने हे शेटजींच्या कानावर घातले. शेटजी थोडा वेळ पितळी घागरीवर बोटांनी ताल धरून बसले. मग म्हणाले, "शिवरामपंत, तुम्ही लिहिणारी माणसं. कुठेतरी जुळवा. दोनशे वर्षांपूर्वी कोण कोणाचा भाऊ होता हे आता सांगायला कोण येतंय?"

शेटजी हे सहज बोलून गेले. पण शिवरामला ते शब्द दिवसभर सोडीनात. इतरांचे जुळवायचे तेव्हा जुळवू, त्याने आधी स्वतःचेच जुळवून घेतले.

गुरुजींच्या पद्धतीत ज्याला संतती नाही त्याच्या नावाखाली लहानसे शून्य काढीत. शेटजींच्या वंशावळीत असे एक शून्य होते. शेटजींच्या आजोबांचा धाकटा भाऊ, नाव धोंडू, सोळाव्या वर्षी घरातून निघून गेला आणि पुन्हा दिसला नाही. शिवरामने वर्षे मोजून पाहिली. वडिलांच्या जन्माशी ती थोडीफार जुळत होती. कोण जाणे, खरेही असेल, असे त्याने स्वतःला दोनदा सांगितले. मग चाकूच्या टोकाने ते शून्य हलके खरडून काढले, धोंडूच्या नावाखाली एक रेघ ओढली आणि रेघेच्या टोकाला वडिलांचे नाव लिहिले. त्याखाली आपले. चार पिढ्याच काय, एकदम सात झाल्या. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी सगळे कागद मागितले. एकेक उचलून ते खिडकीच्या उजेडात धरीत आणि खाली ठेवीत. शेटजींचा कागदही त्यांनी धरला, इतरांपेक्षा थोडा अधिक वेळ, आणि खाली ठेवला. गुरुजी म्हणाले, "काम चांगलं झालं आहे. आता एक कर. साळवंडीला जा. तिथे राहणारा एक साळवंडीकर, कोणीही चालेल, लहान असो, थोर असो, संमेलनासाठी घेऊन ये. तो आल्याशिवाय मी या वृक्षाची पहिली रेघ काढणार नाही."

हे ऐकून शिवराम चकित झाला. चार कीर्तिमंत माणसे सोडून गुरुजींना एका अनोळखी खेडुताची काय गरज पडली? मग त्याला वाटले, बरोबरच आहे. मुळाशी जो राहिला त्याच्याकडेच मूळपुरुषाचा ठावठिकाणा असणार. तो उत्साहाने निघाला. दोन दिवसांचा रस्ता, त्यातला अर्धा बैलगाडीने आणि अर्धा पायी.

साळवंडी हे डोंगराच्या पायथ्याचे शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे गाव निघाले. शिवराम चावडीपाशी जाऊन म्हणाला, "मला इथल्या साळवंडीकरांकडे जायचं आहे."

चावडीवरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. "कोन साळवंडीकर?"

"कोणीही. जे असतील ते."

"हितं न्हाईत बा," एक जण म्हणाला. "हितं मोरे हाईत, भोईटे हाईत, खाली लोहार, सुतार, मुलाण्याची दोन घरं. साळवंडीकर कोन न्हाई."

शिवरामला वाटले, यांना ठाऊक नसेल. तो वरच्या आळीत गेला, खालच्या आळीत गेला, देवळातल्या गुरवाला विचारले, पाण्याच्या वाटेवरच्या बायकांना विचारले. कोणी मान हलवी, कोणी हसे. सर्व साळवंडीकर निर्वंश झाले की काय, अशी शंका त्याला आली आणि त्याने ती वहीत टिपूनही ठेवली. शेवटी एका अंगणात शेंगा फोडीत बसलेल्या म्हातारीपुढे तो दमून बसला.

"म्हातारबाई, या गावात साळवंडीकरांचं एकही घर नाही?"

"अरं माज्या कर्मा!" म्हातारीने हातातली शेंग टाकली. "साळवंडीत ऱ्हाणाऱ्याला साळवंडीकर कोन म्हनंल? आमी समदीच साळवंडीची! तू कोन म्हनायचा?"

"मी शिवराम साळवंडीकर."

"म्हंजी हितनं गेल्यालं!" म्हातारी बोळके उघडून हसली, आणि तिने घरात हाक दिली, "अगं ए, भाकरी टाक. गावचं मानूस आलंय." मग शिवरामकडे वळून म्हणाली, "जो गेला त्याला तिकडच्यांनी काय म्हनावं ते त्यांनी बघावं. हितं त्याचं जुनं नाव असतंय, पर तो गेल्यावर ते घ्यायला कोन बसलंय?"

शिवराम भाकरी खाऊन रिकाम्या हाताने परत निघाला. येताना दोन दिवस तो सारखा त्याच एका गोष्टीचा विचार करीत होता. सहा वर्षे त्याने कुलवृत्तांताचे काम केले, गावांवरून पडलेली शंभर आडनावे लिहिली, आणि इतकी साधी गोष्ट कधी त्याच्या ध्यानात आली नव्हती.

गुरुजी अंगणात तुळशीला पाणी घालीत होते. "एकटाच आलास?" त्यांनी विचारले.

"गुरुजी, साळवंडीत साळवंडीकर नाही."

"नसणारच. बस." गुरुजींनी तांब्या खाली ठेवला आणि तेही पायरीवर बसले. "शेट समजतात, आडनाव रक्तातून येतं. तूही तसंच समजतोस. अरे, आपल्या गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी ओळखत नाही. माणूस गाव सोडतो, परक्या वेशीत उभा राहतो. कोणीतरी विचारतं, कुठला रे बाबा तू? तो म्हणतो, साळवंडीचा. विचारणारा त्याला घरात घेतो. दुसऱ्या दिवशी शेजारी चौकशी करतो, तेव्हा घरधनी सांगतो, हे साळवंडीकर, आमच्याकडे असतात. तिथे ते नाव जन्मतं. ज्याला कोणी आत घेतलं नाही त्याला कोणी नावही दिलं नाही. तो पुढच्या गावाला चालता झाला. म्हणून तुझ्या वहीतल्या पाचही जणांचा मूळपुरुष एक नाही, आणि तरीही त्यांच्यात एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाच्या नावाच्या उगमाशी एक दार उघडणारा माणूस उभा आहे. तुझ्या वहीत तो चौघांच्या पानांवर आहे, फक्त तू त्याला समासात घातला आहेस."

शिवरामने वही उघडली. लोहार समासात होता. पखवाजिया समासात होता. खारवी, आणि वाराची सात घरे, सारी समासात दाटीवाटीने बसली होती. त्याने वही मिटली आणि मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, शेटजींच्या कागदावरचं एक शून्य मी खरडलं आहे."

"ठाऊक आहे. उजेडात धरलं की खरडलेला कागद पातळ दिसतो."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू शून्य पुन्हा काढलं असतंस आणि जन्मभर त्याच्याकडे पाहून झुरला असतास." गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आता सांग. तुझे वडील कोणाच्या घरी उतरले?"

हे शिवरामने आजवर बायकोलाही सांगितले नव्हते. "पटकीच्या साथीच्या सालात आजी त्यांना कडेवर घेऊन इथे आली. आठ दिवसांत तीही गेली. मागच्या आळीतल्या तेलीणबाईंनी वडिलांना ठेवून घेतलं. घाण्याच्या बैलामागे ते मोठे झाले. शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं, तेव्हा तेलीणबाई म्हणाल्या, साळवंडीचं पोर आहे, साळवंडीकर लिहा."

"बाईंचं नाव काय?"

शिवरामला ते ठाऊक नव्हते. परक्यांच्या नऊ नऊ पिढ्या तोंडपाठ असणाऱ्या माणसाला, ज्या बाईने त्याच्या बापाला आडनाव दिले तिचे नाव ठाऊक नव्हते. त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती, संकीर्णात जाण्याचीसुद्धा.

तो तसाच उठला आणि मागच्या आळीत गेला. ती आळी गावातच होती, पण कित्येक वर्षांत तो तिकडून गेला नव्हता. देवळाला जायचे तर वळसा घालून जाई. घाणा अजून चालू होता. तेलीणबाईंचा नातू पेंड भरीत होता. त्याने शिवरामला ओळखले आणि कपाळावरचा घाम पुसून म्हणाला, "या या. आज कसं काय इकडं?"

"तुमच्या आजीचं नाव विचारायला आलो."

"आजीचं? सरूबाई. का बरं?"

"पुस्तकात घालायचं आहे."

नातू आधी हसला. मग त्याच्या लक्षात आले की हा थट्टा करीत नाही. त्याने हात धोतराला पुसले आणि म्हणाला, "तुमच्या वडलांची ती लई आठवण काढायची. म्हणायची, माझी दोन पोरं माझ्या पोटची आणि एक साळवंडीचं." शिवराम तिथेच घाण्याच्या कठड्यावर बसला आणि मोठ्या माणसाने चारचौघांत रडू नये तसा रडला.

शिवरामने धोंडूखालची रेघ खोडून शून्य पुन्हा काढले. प्रत्येक घराण्याच्या माथ्यावर दार उघडणाऱ्याचे नाव घालायची नवी मांडणी शेटजींना कळली तेव्हा ते संतापले. "म्हणजे माझ्या पुस्तकात आधी लोहार, तेलीण, खारवी, आणि माझे पूर्वज त्यांच्या खाली?"

"पुस्तक तुमचं आहे, शेट," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण त्यातलं आडनाव त्यांनी दिलेलं आहे. पटत नसेल तर संमेलनात विचारू आणि सगळ्यांनी नको म्हटलं तर मी कागद फाडून टाकीन."

चैत्रात देवळाच्या सभामंडपात संमेलन भरले. गुरुजींनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: आपले पूर्वज कोणाच्या घरी उतरले? पैलवानाने कानाच्या पाळीला हात लावून इठोबा लोहाराचे नाव घेतले. गायिकेने पखवाजियाचे नाव सांगितले आणि नुसते सांगून समाधान न झाल्यामुळे त्याने बांधलेली एक ओळ गाऊन दाखविली. इब्राहिमभाईंनी तर खारव्याच्या पणतूला बरोबरच आणले होते. न्यायाधीश उभे राहिले, सातपैकी तीन घरांची नावे त्यांनी सांगितली, आणि मग सावकाश म्हणाले, "चार राहिली. मी शोधीन." इतक्या मोठ्या माणसाला सभेत खजील होताना लोकांनी प्रथमच पाहिले, आणि ते लोकांना अधिकच आवडले.

मग शेटजींची पाळी आली. ते रुबाबात उठले. सातव्या पिढीपासून नावे म्हणत म्हणत मूळपुरुषापर्यंत गेले आणि तिथे थांबले. सभा वाट पाहत होती. "ते साळवंडीहून आले," एवढेच म्हणाले. मग खाली बसताना हलक्या आवाजात त्यांनी कबूल केले, "कोणाच्या घरी उतरले ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे कधी कोणी विचारलंच नाही."

"मग ती ओळ कोरी ठेवू," गुरुजी म्हणाले. "छापतानाही कोरीच ठेवू."

शेटजींनी मान हलविली. संताप कोठल्या कोठे गेला होता. ज्याने आपल्या पूर्वजाला पहिल्या दिवशी जेवू घातले त्याचे साधे आभार मानायलाही आता पत्ता उरला नाही, हे त्यांना पुरते कळले होते. त्यांनीच मग विचारले, "शिवरामपंत, तुमचं वाचा."

शिवराम उठला. त्याच्या हातातला कागद सर्वांत लहान होता. "सरूबाई, तेलीण, मागची आळी, हिच्या घरी," त्याने वाचले. त्याखाली वडिलांचे नाव, त्याखाली त्याचे. बस्स, एवढेच. पण त्या अवघ्या पुस्तकात नावाने, घराने, आळीने आणि जिवंत नातवासकट पूर्ण असलेली पहिली ओळ त्याचीच होती. कारण ते दार उघडून अजून दोनच पिढ्या झाल्या होत्या. आपली वंशावळ तोकडी म्हणून जो इतकी वर्षे लाजला, तोच त्या उंबऱ्याच्या सर्वांत जवळ उभा होता. हे कळल्यावर तो शांतपणे खाली बसला, बरोबर आणलेल्या सरूबाईंच्या नातवाच्या शेजारी.

आपण आपल्या पूर्वजांची नावे जपतो, ते योग्यच आहे. पण कोणी परगावचा माणूस दाराशी येऊन उभा राहिला आणि आपण त्याला कुठला म्हणून विचारले, तर थोडे जपून विचारावे; त्यानंतर आपण दार उघडतो की लावतो, यावर त्याच्या सात पिढ्यांचे नाव अवलंबून असते.